आई कामावर असताना

९ फेब्रुवारी

चित्रकार साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी एका शाळेत गणित शिकवते. मासिकात तुमची मुलाखत आली होती, तिच्याखाली गॅलरीचा पत्ता होता. त्या पत्त्यावर हे पाठवते आहे. तुमच्यापर्यंत पोचेल की मधल्यामध्ये कुणी टोपलीत टाकील, ठाऊक नाही.

माझी आई डिसेंबरात गेली. शेवटपर्यंत एकटी राहिली, हट्टाने. तिची खोली घरमालकाला रिकामी करून द्यायची म्हणून मागच्या रविवारी आम्ही गेलो. मी, आमचे हे, आणि मदतीला नणंदबाई. पलंगाखाली, अगदी भिंतीला लावून, चादरीत बांधलेलं एक मोठं चपटं गाठोडं होतं. गाठ सुटेना. नणंदबाईंच्या हातात कात्री होती, त्यांनी ती कापली.

आत चित्रं निघाली. सगळी एकाच बाईची. बहुतेक चित्रांत अंगावर काही नाही. उभी, बसलेली, कुशीवर झोपलेली. आणि एकाही चित्रात तिला चेहरा नाही. मानेच्या वर नुसता रंग फासलेला.

मी चादर पुन्हा चित्रांवर ओढली. शेवटी हे म्हणाले, "कुणीतरी ठेवायला दिली असतील."

मी म्हटलं, "हो, तसंच असेल."

नणंदबाई कात्रीकडे बघत राहिल्या.

माझी आई तुमच्याच आर्ट कॉलेजात कामाला होती. काय काम, असं विचारलं की म्हणायची, "पडेल ते." मी सासरी सांगितलं होतं की लायब्ररीत होती. चित्रांच्या कोपऱ्यात लांब शेपटीची सही आहे. तशीच सही मासिकातल्या तुमच्या चित्रावर आहे. आणि चित्रातल्या बाईच्या डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग आहे. माझ्या आईच्याही होता.

मला एवढंच कळवा. चित्रं तुमची आहेत का? आणि ती बाई माझी आई आहे का? हो की नाही, बास. कार्डावर लिहू नका, आमच्याकडे कार्डं सगळे वाचतात. फोनही नको, हे बोलायला घरात जागा नाही. सोबत पत्ता लिहिलेलं पाकीट ठेवलं आहे.

आपली,
गणिताची शिक्षिका


१७ फेब्रुवारी

प्रिय बाई,
स. न. वि. वि.

हो! तुमच्या दोन्ही प्रश्नांना हो!

तुमचं पत्र वाचलं आणि मी खुर्चीतून उठून स्टुडिओभर फेऱ्या मारल्या. गुडघे दुखतात हेसुद्धा विसरलो. बाई, ती चित्रं गेली म्हणून मी चाळीस वर्षं हळहळतोय. भेटेल त्याला सांगत आलोय की माझं खरं काम बघायचं असेल तर विद्यार्थी असतानाचं बघायला हवं होतं; पण कॉलेजवाल्यांनी अडगळ म्हणून फेकून दिलं. तुम्ही वाचलेल्या मुलाखतीतही ते आहे. आणि ती चित्रं पलंगाखाली सुखरूप! आंधळा मागतो एक डोळा, म्हणतात ते हेच.

आता कृपा करून मी सांगतो तसं करा. चित्रं उन्हात ठेवू नका. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. एकावर एक रचली असतील तर मध्ये कोरं कापड घाला. रंगाचे पोपडे निघालेत का? ती उभी आहे त्या चित्रात डावीकडून खिडकीचा उजेड आलाय, तो पाठीच्या कण्यावरून खाली घसरतो. तो उजेड मला पुन्हा कधी जमला नाही. तेवढं एक चित्र तरी नीट असू दे.

नोव्हेंबरात माझ्या आजवरच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरतंय. ही चित्रं मी पहिल्याच दालनात लावणार. गॅलरीची गाडी पाठवतो, तुम्हाला काडीचा त्रास नाही.

आणि ती बाई म्हणजे आमची पुतळाबाई! आम्ही पोरं तिला तेच म्हणायचो. एकदा उभी राहिली की नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. बाकीच्या मॉडेल जरा वेळाने चुळबुळ करायच्या, खाजवायच्या, जांभया द्यायच्या. तिच्यासारखी पुन्हा मिळाली नाही.

गाडी कधी पाठवू, कळवा. वाट बघतोय.

आपला,
चित्रकार

ता. क. आई गेल्याचं वाचून वाईट वाटलं.


२६ फेब्रुवारी

चित्रकार साहेब,

तुमच्या पत्रात माझी आई 'ता. क.'मध्ये वारली.

पुतळाबाई हे नाव मला ठाऊक नव्हतं. माशी बसली तरी हलायची नाही म्हणता. घरी आली की ती गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि मी तिच्या पोटऱ्या चोळायचे. दगडासारख्या झालेल्या असायच्या. "काय केलंस गं एवढं?" असं विचारलं की म्हणायची, "उभं राहायचं काम असतं." मला वाटायचं, जिने पुसते.

इकडची गंमत ऐका. नणंदबाईंनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण परवा पाहुण्या आल्या तेव्हा कुणी न विचारता, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्या सुनेची आई लायब्ररीत होती हो." त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं. आणि खरं सांगू? मला राग आलाच नाही. हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा राग आला, पण तो मग, भांडी आवरताना.

चित्रं तुमची आहेत, तुम्ही न्या. ती माझ्या घरात कपाटामागे उभी आहेत आणि त्या खोलीत आता कुणी जात नाही. पण आधी माझं एक काम करा. एकाही चित्रात तिला चेहरा का नाही, ते मला सांगा. आणि तो चेहरा मला काढून द्या. त्या वयातला तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. कॅमेरा निघाला की आई स्वयंपाकघरात जायची. का जायची ते आता कळतंय. मला आठवते ती चष्मा लावलेली, दात गेलेली आई. तुम्ही तिला ऐन उमेदीत, समोर बसून पाहिलंत. तुमच्याइतकं तिच्याकडे कुणीच बघितलं नसेल.

चेहरा आला की गाडी पाठवा.

आपली,
शिक्षिका


८ मार्च

प्रिय बाई,

तुमचं पत्र आलं आणि माझं पत्र मला आठवलं. पोस्टातून पत्र परत मागता येत असतं तर धावत गेलो असतो. वयाने माणूस पोक्त होतो म्हणतात. माझे नुसतेच केस पिकले. घरात माणूस गेलेलं असताना मी तुम्हाला कापड कुठे घाला ते शिकवत होतो. माफ करा असं लिहायलाही ओशाळल्यासारखं होतंय, पण करा.

चेहऱ्याचं विचारलंत. आमचे मास्तर म्हणायचे, आधी हाडं, मग मांस, चेहरा सगळ्यात शेवटी. चेहऱ्याच्या नादी लागला तो बुडाला. त्यामुळे चेहऱ्यापाशी यायच्या आत तास संपायचा. एवढंच त्याचं कारण. मनात दुसरं काही आणू नका.

तुमच्या आईचा चेहरा मला लख्ख आठवतो. नक्की काढून देतो. माझ्यावर तेवढं ऋण आहेच. फक्त वर्ण आणि ठेवण जुळवायला तिचा अलीकडचा फोटो असेल तर पाठवा. आणि तुमचाही एक, तिशीच्या आसपासचा. मुलीत आईचं काही ना काही उतरतंच, तेवढाच हाताला आधार.

घाई करू नका म्हणणार नाही. पण माझा हात आता पूर्वीसारखा झरझर चालत नाही.

आपला,
चित्रकार


२१ मार्च

चित्रकार साहेब,
स. न.

फोटो पाठवते. आईचा आहे तो ओळखपत्रावरचा. त्यात ती कैद्यासारखी दिसते, पण दुसरा नाही. माझा आहे तो शाळेच्या स्नेहसंमेलनातला. शेजारची कापली आहे, तिचा हात माझ्या खांद्यावर राहिलाय तो सोडून द्या.

तुमचं मागचं पत्र वाचून जरा बरं वाटलं म्हणून दोन गोष्टी लिहिते.

परवा मी तुमच्या कॉलेजात गेले होते. कँटीनवाल्या मावशी अजून आहेत, आता गल्ल्यावर नुसत्या बसतात. मी आईचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. चित्रांचं विचारलं, तर म्हणाल्या, वर्ष संपलं की पोरं आपापली चित्रं घरी न्यायची. उरतील ती मागच्या अंगणात टाकून शिपाई पेटवून द्यायचा. त्या वर्षी ढीग पडला होता आणि आई तिथे आली.

"हे जाळणार?"

"साहेबांचा हुकूम आहे."

"मग माझं मला काढून घेऊ दे."

शिपाई हसला. "यात तुझं काय आहे?"

"ते काय, जिकडे बघशील तिकडे मीच आहे की."

मावशींनीच तिला चादर दिली म्हणे. घरी कुठे ठेवशील, असं विचारलं तर म्हणाली, "कुठेही ठेवीन, पण अशी उघड्यावर नाही पडू देणार."

मावशी म्हणाल्या की बाकीच्या सगळ्यांनी नेली होती, त्या ढिगात एकाच पोराची राहिली होती. तुम्ही त्या दिवशी आजारी होता का?

दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मी दुसरीत असताना किल्ली द्यायला एकदा त्या कॉलेजात गेले होते. एक दार लोटलं. पडद्याआड आई शाल गुंडाळून स्टुलावर बसली होती, कपातून चहा पीत. शालीखालून पाय उघडे होते. तिने मला बघितलं आणि उठून फाडकन थोबाडीत दिली. ती मला कधी मारायची नाही. त्या दिवसापासून मी तिला कामाबद्दल काही विचारलं नाही. म्हणजे मला तेव्हापासून कळलं होतं, बहुतेक. लायब्ररी मी उगाच नाही शोधून काढली.

आपली,
शिक्षिका


६ मे

प्रिय बाई,

सोबत चित्र पाठवलं आहे. वेष्टन कात्रीने कापू नका, बाजूची पट्टी ओढा. फार उजेडात लावू नका.

जमेल तसं केलं आहे.

चित्रकार


१५ मे

प्रिय काका,

काका म्हटलं तर चालेल ना? आता साहेब म्हणवत नाही.

चित्र उघडलं तेव्हा घरात सगळे होते. मी मुद्दाम सगळ्यांना बसवलं होतं. जे निघेल ते सगळ्यांसमोर निघू दे म्हटलं. चित्र बाहेर आलं आणि आमचे हे उभेच राहिले. नणंदबाई म्हणाल्या, "अगंबाई, तू तर हुबेहूब आईवर गेली आहेस!" सासूबाईंनी चष्मा मागवला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मानी दिसते." त्यांच्या तोंडून ही फार मोठी पावती आहे, काका.

मग मी बोलून टाकलं. लायब्ररीत नव्हती, वर्गात मॉडेल म्हणून उभी राहायची, त्यावर मी शिकले. चित्राकडे बघत बघत बोलले. सासूबाई म्हणाल्या, "चहा टाक." बस, एवढंच झालं! वीस वर्षं मी ज्याला घाबरत होते ते एका चहात संपलं.

चित्र बैठकीच्या खोलीत लावलंय. सकाळी शाळेला निघताना मी "येते गं आई" म्हणते. आमची लेक हसते मला.

तुम्ही तिला असं लक्षात ठेवलंत, डोळ्यांखालच्या थकव्यासकट, याचे उपकार कसे फेडू? गाडी हवी तेव्हा पाठवा.

तुमची,
पुतळाबाईची मुलगी (आता हे नाव आवडायला लागलंय)


३० जून

प्रिय काका,

पत्र नाही, गाडी नाही. तब्येत बरी आहे ना? काल वर्गात एका मुलीला बाकीच्या चिडवत होत्या, तिची आई दुसऱ्यांचे कपडे धुते म्हणून. मी फळा पुसला आणि सगळ्यांना माझ्या आईचं सांगितलं. तुम्हाला कळवावंसं वाटलं. दोन ओळी तरी लिहा.

तुमची,
बाई


९ जुलै

बाई,

मी आजारी नाही. असतो तर बरं झालं असतं, सबब मिळाली असती.

मी पाठवलेल्या चित्रातला चेहरा तुमच्या आईचा नाही. तो तुमचा आहे. स्नेहसंमेलनातला फोटो समोर ठेवला, गाल थोडे आत घेतले, केस जुन्या पद्धतीने बांधले, डोळ्यांखाली थकवा घातला. आयुष्यभर हेच केलंय, हात आपोआप चालतो.

मला तुमच्या आईचा चेहरा आठवत नाही. लख्ख सोडा, अंधुकसुद्धा नाही. आधी वाटलं होतं, ब्रश हातात घेतला की येईल. दोन महिने डोळे मिटून बसलो. खांदा येतो, कंबर येते, पावलाचा वाकडा अंगठा येतो, मान येते, आणि मानेवर काहीच नाही. चित्रांत आहे तसंच डोक्यात.

मास्तरांचं लिहिलं ते खरं, पण अर्धं. चेहरा शेवटी असायचा, पण शेवट यायचा. वर्गातली बाकीची मुलं चेहरा काढायची. मी पाठीवरची सावली घोटत बसायचो. वर बघितलं आणि ती आपल्याकडेच बघत असली तर, याची धास्ती. एकोणीस वर्षांचा होतो. कपडे तिच्या अंगावर नव्हते आणि लाज मला वाटायची. लाजणारा माणूस खाली बघतो. मी तिचा चेहरा सोडून बाकी सगळं बघत राहिलो.

आजारी होता का, असं विचारलंत. नव्हतो. मी ती चित्रं मुद्दाम टाकून गेलो. तेव्हा मला ती अगदीच सुमार वाटली होती. 'फेकून दिली' ही कथा नंतरची. नवीन चित्रांना कुणी विचारेना तेव्हा ती सांगायला लागलो, आणि पुढे मलाच खरी वाटायला लागली. हरवलेल्या गोष्टीचं लोकांना फार कौतुक असतं. ती दाखवावी लागत नाही.

पंधरा मेचं पत्र आल्यावर गप्प राहायचं ठरवलं होतं. बाई सुखात आहेत, कशाला त्यात माती कालवा, अशी स्वतःची समजूत घातली. पण तुम्ही वर्गात पोरींसमोर उभ्या राहिलात, आणि पाठीशी कुणाचा चेहरा घेऊन? माझ्या लबाडीचा. काल दिवसभर मला जेवण गेलं नाही.

चित्रं तुमच्याकडेच असू द्या. मी मागणार नाही.

चित्रकार


२८ ऑगस्ट

चित्रकार साहेब,

इतके दिवस लिहिलं नाही कारण जे लिहायचे ते फाडायचे.

रोज सकाळी मी "येते गं आई" म्हणायचे. कुणाला म्हणत होते हो मी? स्वतःच्याच फोटोला! तुम्हाला कल्पना आहे, ते कळल्यावर माणसाला काय वाटतं? तोंड लपवायला जागा राहिली नाही. मी चित्र उतरवलं. भिंतीवर खिळा राहिला. सासूबाई रोज खिळ्याकडे बघायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. शेवटी यांना सांगितलं. हे आधी हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

एक दिवस मी कपाटामागची सगळी चित्रं काढून गच्चीवर नेली. जाळणारच होते. आईने जे जळू दिलं नाही ते मी जाळणार होते. काडेपेटी आणायला खाली आले तर नणंदबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "वर काय वाळत घातलंयस?" आणि माझ्यामागून वर आल्या. चित्रं कठड्याला टेकवून उभी होती. आम्ही दोघी बराच वेळ बघत उभ्या राहिलो. पहिल्यांदाच नीट बघत होतो. त्या दिवशी खोलीत कुणी बघितलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "कसे होते गं त्यांचे डोळे, तरुणपणी?"

मला सांगता येईना. खरंच सांगता येईना. घारे की काळे, तेवढं आलं. बाकी काही नाही. मूल आईच्या तोंडाकडे बघतं ते रागावली आहे की नाही हे बघायला. त्यापलीकडे मी तरी कुठे बघितलं? थोबाडीत मारली त्या दिवशीचा तिचा हात मला आठवतो. चेहरा नाही आठवत. तुम्ही परके होता. मी तिच्या पोटची.

म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमचं खोटं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे.

पण चित्रं न्या. कपाटामागे ठेवायला मी आता तयार नाही. माझ्या अटी आहेत. हरवल्या-सापडल्याची गोष्ट कुठल्याही पेपरात येता कामा नये. ढिगात तुम्हीच टाकून गेला होता, हे कुणी विचारलं तर खरं सांगायचं. चित्रांना 'विवस्त्रा', 'यौवना' असली नावं द्यायची नाहीत. प्रत्येकाखाली एकच लिहायचं, 'कामावर'. तुम्ही काढलेला चेहरा सोबत परत पाठवते आहे. तो चांगला आहे, पण मी अजून मेले नाही.

शिक्षिका


२० सप्टेंबर

बाई,

गाडी सोमवारी आली. अटी मान्य. गॅलरीवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, सापडल्याची गोष्ट हीच तर बातमी आहे!" मी म्हटलं, ती गोष्ट खोटी आहे, मीच टाकली होती. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी भर सभेत धोतर सोडलंय. पण मी अडून राहिलो.

तुम्हाला आणखी एक सांगणं भाग आहे. चित्रं भिंतीशी मांडली आणि खुर्ची घेऊन बसलो. बाई, ती काही फार थोर नाहीत. एका चित्रात उजवा हात चांगला वीतभर लांब झालाय. बसलेलीचं वजन जमिनीवर पडतच नाही, हवेत तरंगते. आणि कण्यावरून घसरणारा तो उजेड, ज्याच्यासाठी मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, तो पिवळा पट्टा आहे नुसता. सुमार म्हणून टाकून गेलो होतो ते त्या पोराचं बरोबर होतं. नंतरचा म्हातारा थापाड्या.

एकच चित्र मला धरून ठेवतंय. त्यात ती काम करत नाहीये. शाल ओढून, पाठमोरी, स्टुलावर बसली आहे, हातात कप असावा. मधल्या सुट्टीत चोरून काढलं असणार. काढल्याचंही आठवत नाही. त्यात चेहरा नाही, पण तो मी टाळलेला नाही. तिनेच पाठ केली आहे. त्या पाठीवर कुणाचा हुकूम चालत नाही. त्याच्याखाली 'कामावर' लिहू का? तुम्ही सांगाल तसं.

उद्घाटनाचं बोलावणं सोबत आहे. या असं म्हणायला जीभ रेटत नाही. तरी या.

चित्रकार


२ डिसेंबर

काका,

त्याच्याखाली तुम्ही काहीच लिहिलं नाहीत ते बरं केलंत.

उद्घाटनाला आलो होतो ते तुम्ही पाहिलंच. माझ्यासोबत हे होते, लेक होती, आणि सासूबाईंनी पाठवलं म्हणून नणंदबाई. तुम्ही हारतुरेवाल्यांच्या गराड्यात होता. मी पहिल्या दालनात गेले आणि त्या पाठमोऱ्या चित्रासमोर उभी राहिले. किती वेळ, कळलं नाही. एक चष्मेवाल्या बाई शेजारी आल्या. अगदी भल्या होत्या, साडीचा रंगही आवडला म्हणाल्या. मग चित्राकडे बोट दाखवून विचारलं, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मी म्हटलं, "नाही."

तुम्ही ऐकलंत. मला माहीत आहे. तुम्ही तेव्हा मागेच होता आणि एकाएकी छताकडे बघायला लागलात. नणंदबाईंनीही ऐकलं. परत येताना गाडीत त्या हळूच म्हणाल्या, "मी असते तर मीही तेच म्हटलं असतं." त्यांनी ते मायेने म्हटलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

घरात बोलले, वर्गात बोलले, तुम्हाला अटी घातल्या. आणि एका अनोळखी बाईने सहज विचारलं तर नाही म्हटलं. वर्गात बोलले तेव्हा माझ्या पाठीशी खोटा का होईना, एक चेहरा होता. इथे नव्हता, तर जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि एकटीच परत आले. दालनाच्या मधोमध बाक आहे, त्यावर बसले. ठरवलं होतं, कुणीतरी विचारेल, आणि मग सांगेन. कुणी विचारलं नाही. लोक येत होते, जात होते. एक जोडपं लांब हातापुढे थांबून म्हणालं, "इथे जरा चुकलंय." एका आजोबांनी माझ्याच बाकावर बसून बूट काढून पाय चोळले. कॉलेजची मुलं आली, गप्प गप्प बघून गेली, बाहेर जाऊन हसली. मला कुणी काही विचारलं नाही. लोक रोज थोडेच विचारतात.

बंद व्हायची वेळ झाली तेव्हा पहारेकरी आला. वयस्क, खाकीतला, चाव्यांचा जुडगा घेऊन. म्हणाला, "बाई, वेळ झाली."

मी उठले. दारापर्यंत गेले. मग वळले आणि त्याला म्हटलं, "ही माझी आई आहे."

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आहेत अजून?"

"नाही. गेली."

त्याने चाव्या खिशात टाकल्या.

"बसा मग," तो म्हणाला. "मी आधी पलीकडची दालनं बंद करून येतो."

तुमची,
बाई